गंभीर मलेरिया झालेल्या मुलांवर संशोधन: बरोबर की चूक?

निशिगंधा

नमस्कार मंडळी. मी डॉक्टर नाही, वैद्यकीय मजकुराचं संपादन करते. गेल्या महिन्यात कामानिमित्त आफ्रिकेतल्या लहान मुलांच्या मलेरियाबद्दल बरंच वाचावं लागलं. त्यातला एक अभ्यास डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढते.

'फीस्ट' नावाचा हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या रुग्णालयांत मिळून ३१४१ मुलं. सगळी तापाने फणफणलेली. कुणाचे हातपाय गार, कुणाची नाडी धावतेय, कुणी ग्लानीत, कुणाला धाप लागलेली. त्यातल्या ५७ टक्के मुलांना मलेरिया होता. अशा मुलाला शिरेतून भराभर सलाईन द्यायचं, असं जगभरच्या पुस्तकांत लिहिलेलं होतं. पण अशा रुग्णालयांत, अशा मुलांवर ते नीट तपासून कुणीच पाहिलेलं नव्हतं. म्हणून चिठ्ठ्या टाकून तीन गट केले. एकाला सलाईन भराभर, दुसऱ्याला अल्ब्युमिन (रक्तातल्या एका प्रथिनाचं द्रावण) भराभर, आणि तिसऱ्याला भराभर काहीच नाही, फक्त अंगाला लागेल तेवढं पाणी हळूहळू. बाकी औषधं तिघांनाही सारखीच.

तिन्ही गट साधारण हजार-हजार मुलांचे. ४८ तासांत सलाईनच्या गटातली ११० मुलं गेली, अल्ब्युमिनच्या गटातली १११. आणि ज्यांना भराभर काहीच दिलं नाही, त्यांतली ७६. अभ्यास वेळेआधी थांबवावा लागला.

तेव्हापासून एकच विचार येतो. त्या ११० मुलांच्या आयांना काय वाटलं असेल? मृत्यूच्या दारात असलेल्या लेकरावर असा अभ्यास करायचा आपल्याला हक्क आहे का? जाणकारांनी लिहा, आणि जाणकार नसाल तरी लिहाच.

मोहर

वाचून काटा आला. माझं उत्तर सरळ आहे: नाही. ही मुलं गरीब देशांतली, आईबाप हतबल. त्यांच्या जिवावर चिठ्ठ्या टाकायच्या कसल्या?

जुईली

वाचतेय. पण एक कळलं नाही. सलाईनने मूल मरतं कसं? आमच्या डोक्यात सलाईन म्हणजे जीव वाचवणारी बाटली.

वाटसरू

मी बालरोगतज्ज्ञ आहे. मलावीत जिल्ह्याच्या एका रुग्णालयात दोन वर्षं काम केलंय. थोडं सविस्तर लिहितो, कारण हा आजार डोळ्यांसमोर आल्याशिवाय निशिगंधाताईंच्या प्रश्नाचं वजन कळणार नाही.

मलेरियाचे परजीवी बरेच, पण मुलं मारतो तो मुख्यतः प्लास्मोडियम फाल्सिपेरम. तो तांबड्या पेशीत शिरतो आणि साधारण ४८ तास तिथेच वाढतो. पहिला दिवस पेशी रक्ताबरोबर फिरत असते. दुसऱ्या दिवशी परजीवी पेशीच्या बाहेरच्या अंगाला बारीक बारीक गाठी आणतो, आणि त्या गाठींच्या जोरावर पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसते. मेंदूत, आतड्यात, डोळ्याच्या पडद्यात. त्यामुळे बोटातून घेतलेल्या थेंबात दिसतात ते फक्त फिरतीवर असलेले परजीवी. खरी फौज आत दबा धरून असते.

म्हणूनच हा आजार इतका झपाट्याने चढतो. आई सांगायची, "सकाळी शेंगा खाल्ल्या, दुपारी आकडी आली, आता उठत नाही." पाठीवरच्या कापडात बांधून ती मैलोनमैल चालत आलेली असायची.

असं मूल आलं की पहिल्यांदा शुद्ध तपासायची. मोठ्या माणसांसाठीची पद्धत इथे चालत नाही, कारण वर्षाचं पोर बोलून उत्तर देणार नाही. म्हणून मलावीतल्या ब्लँटायर शहरात माल्कम मॉलिन्यू आणि टेरी टेलर यांनी लहान मुलांसाठी वेगळं मापन तयार केलं, १९८९ साली ते छापून आलं. दुखवल्यावर हात तिथे नेतो का, रडतो का, आणि डोळे कशाच्या मागे जातात का. एकूण पाच गुण. मलावीत बाईला 'अमायी' म्हणतात. तर म्हणायचं, "अमायी, बाळाच्या समोर या. आता हळूच डावीकडे सरका." पोराचे डोळे आईच्या चेहऱ्यामागे गेले तर एक गुण, नाहीतर शून्य. एकूण दोन किंवा त्याहून कमी भरले, दुसरं कारण सापडलं नाही आणि रक्तात परजीवी असले, की मेंदूचा मलेरिया. उत्तम उपचार मिळाले तरी अशा पाचांतलं एखादं मूल जातं.

आता जुईलीचा प्रश्न. भराभर पाणी दिल्यावर पहिल्या तासात पोर खरोखरच सुधारलेलं दिसायचं. नाडी भरायची, हातपाय कोमट व्हायचे. फीस्टमध्येही पहिल्या तासाची सुधारणा भराभर पाणी मिळालेल्या मुलांत जास्त होती. आणि पुढे तीच मुलं जास्त गेली, बहुतेक रक्ताभिसरण कोसळून. नेमकं का, यावर अजून संशोधन चालू आहे.

जुईली

म्हणजे जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या पोरालाही सलाईन द्यायचं नाही?

वाटसरू

नाही नाही, हे फार महत्त्वाचं आहे, सगळ्यांनीच नीट वाचा. जुलाब झालेली मुलं आणि अतिकुपोषित मुलं फीस्टमध्ये घेतलीच नव्हती. जुलाबाने शरीरातलं पाणी गेलेलं असतं, ते भरून काढावंच लागतं. हा निकाल ताप, संसर्ग आणि बिघडलेलं रक्ताभिसरण असलेल्या मुलांपुरता आहे.

आकडेमोड्या

माझा पेशा संख्याशास्त्राचा. मोहर, तुमचा राग समजतो, पण एक हिशेब मांडू द्या.

भराभर पाणी दिलेल्या शंभरांत साधारण साडेदहा मुलं गेली, न दिलेल्या शंभरांत सव्वासात. फरक सव्वातीनाचा. आता अशा वॉर्डात काम करणारा डॉक्टर डोळ्यांसमोर आणा. त्याच्याकडे महिन्याला वीस-पंचवीस अशी मुलं येतात. एखाद्या महिन्यात दोन जातात, एखाद्यात चार. सव्वातीनाचा फरक त्याला कधी जाणवणार? त्यातून पहिल्या तासात पोर सुधारताना त्याने स्वतः पाहिलेलं. तो शपथेवर सांगेल की सलाईनने जीव वाचतो, आणि तो खोटं बोलत नसेल.

म्हणजे अभ्यास केला नसता, तर शंभरांतली ती तीन मुलं दरवर्षी, प्रत्येक रुग्णालयात, कुणाच्याही लक्षात न येता जात राहिली असती. ती मुलं कोण, हे कधीच कुणाला कळलं नसतं, त्यांच्या आयांनाही नाही.

आणि हे अभ्यास डोळे झाकून चालत नाहीत. उपचार करणाऱ्यांपासून वेगळी एक समिती मधूनमधून आकडे तपासते. तिने पाहिलं आणि थांबवायला सांगितलं, म्हणून तो वेळेआधी थांबला.

मोहर

हिशेब पटला. मन नाही पटलं. शंभरातली तीन मुलं तुम्हाला अभ्यासाच्या शेवटी कळली. ज्यांना चिठ्ठीत सलाईन आलं, त्यांना कुणी विचारलं?

कावेरी

मोहर यांचा प्रश्न बाजूला सारण्यासारखा नाही. मी संशोधनातल्या संमतीच्या प्रश्नांवर काम करते.

नेहमीच्या अभ्यासात आधी माहिती सांगतात, विचार करायला वेळ देतात, मग सही किंवा अंगठा घेतात. इथे मूल दहा मिनिटांत जाईल की काय अशी परिस्थिती. आईला चार पानी कागद वाचून दाखवणं हेच क्रूर. म्हणून फीस्टमध्ये, जिथे वेळच नव्हता तिथे, आधी थोडक्यात तोंडी विचारलं आणि मूल स्थिरावल्यावर सविस्तर सांगून लेखी संमती घेतली. नैतिकता समित्यांनी याला मान्यता दिली होती.

पण मूल स्थिरावलंच नाही तर? नुकतंच लेकरू गमावलेल्या बाईसमोर कागद घेऊन जायचं का? यावर संशोधकांमध्येही खूप वाद झाले. माझं स्वतःचं मत असं की तोंडी 'हो' हे खरं 'हो' असतंच असं नाही. समोर पांढरा कोट, मांडीवर बेशुद्ध पोर, बाई 'नाही' म्हणेल कशी? म्हणून काम आधी करावं लागतं, गावात, कुणी आजारी नसताना. किलिफीला, केनियाच्या किनाऱ्यावर, १९८९ पासून संशोधन केंद्र आहे. तिथे गावातूनच प्रतिनिधी निवडून त्यांच्याशी सतत बोलणं चालू असतं. त्याने सगळं सुटतं असं नाही, पण त्या बाईने 'अभ्यास' हा शब्द निदान पहिल्यांदा त्या रात्री ऐकलेला नसतो.

आबा

एका म्हाताऱ्याचा अनुभव लिहितो.

१९८७ साली आम्ही टांझानियात होतो, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या एका गावात. धाकटा चार वर्षांचा. रात्री ताप चढला. आधी दाखवलं त्या डॉक्टरांनी साधा फ्लू म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला आकडी आली. शेजारीण म्हणाली, ही 'देगेदेगे' आहे. तिकडे मुलाच्या आकडीला असं म्हणत, आणि ती दवाखान्यात बरी होत नाही, तिला जाणत्याकडेच न्यायचं, अशी समजूत. तिने जिवाच्या कळकळीने सांगितलं, तिचा राग कधीच आला नाही. आम्ही मिशनच्या दवाखान्यात नेलं.

तेव्हा क्विनीन शिरेतून हळूहळू द्यायचे. मोजायचं यंत्र नव्हतं. सिस्टर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत थेंब मोजायची. मलाही शिकवलं. मिनिटाला किती थेंब पडतात ते रात्रभर मी मोजत बसलो. पहाटे पोर एकदम घामाने डबडबलं आणि गार पडलं. मला वाटलं, संपलं. सिस्टरने धावत येऊन शिरेतून ग्लुकोज दिलं. पाचएक मिनिटांत त्याने डोळे उघडले आणि बुटासाठी हट्ट धरला. एकच बूट पायात होता, दुसरा गाडीत राहिलेला.

नंतर त्याला महिनाभर कानात काहीतरी वाजतंय असं वाटायचं. आज तो चाळिशी ओलांडून पुढे गेलाय, स्वतःला दोन मुलं आहेत.

वाटसरू

आबा, त्या सिस्टरने तुमच्या मुलाचा जीव वाचवला. रक्तातली साखर घसरणं हा या आजाराचाच भाग, त्यात क्विनीनमुळे शरीरात इन्सुलिन जास्त सुटतं. दोन्ही मिळून मूल गार पडतं आणि ते मलेरियानेच गेलं असं सगळ्यांना वाटतं. कानात वाजणं हेही क्विनीनचंच.

मोहर, क्विनीनचीच गोष्ट पुढे सांगतो, कारण ती तुमच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. शेकडो वर्षं गंभीर मलेरियाचं औषध म्हणजे क्विनीन. चीनमध्ये तू यूयू यांच्या गटाने १९७०च्या दशकात आर्टेमिसिनिन शोधलं, त्यांना २०१५ साली नोबेल मिळालं. त्यापासून इंजेक्शनचं औषध तयार झालं, आर्टेसुनेट. २००५ साली आशियातल्या अभ्यासात मृत्यू बरेच घटले, पण ते रुग्ण बहुतेक मोठ्या वयाचे होते. आफ्रिकेतल्या मुलांचा आजार वेगळा वागतो, त्यांना तेवढा फायदा होईल का? म्हणून नऊ देशांत ५४२५ मुलांवर 'अ‍ॅक्वामॅट' अभ्यास झाला. २०१० साली निकाल आला. क्विनीनवर २९७ मुलं गेली, आर्टेसुनेटवर २३०. १०.९ टक्के आणि ८.५ टक्के. त्यानंतर औषध बदललं.

कारणही सुंदर आहे. क्विनीन मारतं ते मुख्यतः वाढलेल्या, चिकटून बसलेल्या परजीवीला. आर्टेसुनेट कोवळ्या, अजून फिरतीवर असलेल्या परजीवीलाही मारतं, म्हणजे तो चिकटायच्या आतच.

औषध बाटलीत पांढऱ्या भुकटीच्या रूपात येतं. सोडियम बायकार्बोनेट घालून दोनतीन मिनिटं हलवायचं, पाणी काचेसारखं स्वच्छ होईपर्यंत. मग पातळ करून, तयार केल्यापासून तासाभराच्या आत द्यायचं. सुरुवातीला, बारा तासांनी, चोवीस तासांनी. वीस किलोंखालच्या मुलाला किलोमागे डोस थोडा जास्त. रात्रभर थेंब मोजायची गरज संपली, हे आबांच्या लक्षात आलंच असेल.

आबा

आलं. डोळ्यांत पाणीही आलं.

रानजाई

अवांतर: कुणी तरी सिकलसेलबद्दल लिहा ना. त्याचा आणि मलेरियाचा संबंध शाळेत शिकवला होता, पण विसरले.

आकडेमोड्या

अवांतर कसलं, हाच तर या संशोधनाचा सगळ्यात जुना धागा. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतून दाखवून दिलं की सिकलसेलचं, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आजाराचं, एकच जनुक असलेल्यांना मलेरियापासून संरक्षण मिळतं. पुढच्या अभ्यासांत गंभीर मलेरियाचा धोका साधारण नव्वद टक्क्यांनी कमी आढळला. दोन्ही जनुकं आली तर मात्र सिकलसेलचा आजार.

अलीकडचा शोध 'डांटू' या दुर्मीळ रक्तगटाचा. किलिफीच्या मुलांत तो बराच सापडतो. २०२० साली कळलं की या गटाच्या तांबड्या पेशीचं आवरण जास्त ताणलेलं असतं. परजीवी धडका मारतो, पण घट्ट ताणलेल्या फुग्यावर बोथट सुई टेकवावी तसा आत शिरत नाही.

रानजाई

फुग्याची उपमा लक्षात राहील. धन्यवाद.

ओंजळ

मी प्रयोगशाळेत काम करते, वीस वर्षं रक्ताच्या स्लाईड पाहतेय. निशिगंधाच्या प्रश्नाला एक बाजू राहून जातेय, ती म्हणजे निदानाची.

स्लाईडवर परजीवी दिसला म्हणजे मूल मलेरियाने बेशुद्ध आहे, असं नव्हे. जिथे मलेरिया बारा महिने आहे तिथे धडधाकट पोरांच्या रक्तातही तो सापडतो. मग एखाद्याला मेंदुज्वर असतो, रक्तात परजीवी योगायोगाने असतात, आणि केसपेपरवर 'मेंदूचा मलेरिया' लिहिलं जातं.

हे सिद्ध कसं झालं ते ऐका. ब्लँटायरमध्ये मृत मुलांच्या आईवडिलांना शवविच्छेदनाची परवानगी मागितली. काहींनी दिली. २००४ साली निकाल छापला. मेंदूचा मलेरिया म्हणून गेलेल्या ३१ मुलांपैकी ७ जणांच्या मृत्यूचं कारण वेगळंच निघालं. म्हणजे जवळजवळ चौथाई. आणि जिवंतपणी या दोहोंत फरक करणारी एकच खूण सापडली, ती डोळ्याच्या पडद्यावर. बाहुली औषधाने मोठी करून आत पाहिलं, की खऱ्या मेंदूच्या मलेरियात पडदा ठिकठिकाणी पांढुरका पडलेला, रक्तवाहिन्या लालऐवजी नारिंगी किंवा पांढरट, आणि मध्ये पांढरा ठिपका असलेले रक्तस्राव दिसतात. वाटसरूंनी वर लिहिलेलं चिकटणं इथे थेट डोळ्याने दिसतं.

त्या आईबापांना परवानगी द्यायची काहीच गरज नव्हती. त्यांचं मूल गेलं होतं.

मोहर

ओंजळ, हा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहवेना.

कावेरी

ओंजळ यांना जोडून. निदान चुकलं की अभ्यासही चुकतो. 'मेंदूच्या मलेरिया'च्या गटात चौथाई मुलं दुसऱ्याच आजाराची असतील, तर चांगलं औषधही निरुपयोगी दिसू शकतं. जुन्या अभ्यासांकडे बघताना हे लक्षात ठेवायला हवं.

जुईली

सलाईनसारखी अजून उदाहरणं आहेत का, जिथे शहाणपणाचा वाटणारा उपाय उलटला?

वाटसरू

आहेत. दोन सांगतो.

मेंदू सुजतो तर स्टेरॉइड द्यावं, असं कुणालाही वाटेल. थायलंडमध्ये तपासलं, १९८२ साली निकाल आला. डेक्सामेथासोन मिळालेले रुग्ण उलट जास्त वेळ बेशुद्ध राहिले. तिथेच ते थांबलं.

दुसरं जास्त चटका लावणारं. आकड्या मेंदूला इजा करतात, तर त्या येऊच नयेत म्हणून आधीच फिनोबार्बिटोन द्यावं. किलिफीत ३४० मुलांवर अभ्यास झाला, २००० साली छापला. आकड्या निम्म्याहून कमी झाल्या. आणि मृत्यू दुप्पट झाले, १४ ऐवजी ३०. औषधाने श्वास मंदावत असावा, आणि कृत्रिम श्वासाची सोय नव्हती. जिथे अशी यंत्रं आहेत तिथल्या पुस्तकावरून हा निर्णय घेता आला नसता. त्याच वॉर्डात, तेवढ्याच सोयींत तपासावं लागलं.

मोहर, म्हणून मला वाटतं प्रश्न उलटा विचारायला हवा. न तपासता भराभर सलाईन देणं, फिनोबार्बिटोन देणं, हाही त्या मुलांवरचा प्रयोगच होता. फक्त त्याची नोंद कुणी ठेवत नव्हतं.

मोहर

नोंद न ठेवलेला प्रयोग. हे मान्य. तरीही विचारते, अभ्यासाचा निकाल त्या गावापर्यंत पोचतो का? की छापून आला, संशोधकांचं नाव झालं, आणि वॉर्डात जुनंच चालू?

आकडेमोड्या

रास्त प्रश्न. याच मुद्द्यावर गुदद्वारातून देण्याच्या आर्टेसुनेटचं उदाहरण घ्या. कल्पना अशी की दूरच्या खेड्यात इंजेक्शन नाही, तर आरोग्य कर्मचाऱ्याने ते औषध द्यायचं आणि मुलाला रुग्णालयात धाडायचं. घाना, टांझानिया आणि बांगलादेशातल्या मोठ्या अभ्यासात, २००९ साली, ज्यांना पोचायला सहा तासांहून जास्त लागले त्यांना फायदा दिसला. पण पुढे काँगो, नायजेरिया आणि युगांडात ते प्रत्यक्ष व्यवहारात वापरून पाहिलं, तेव्हा मृत्यू घटले नाहीत. २०२२च्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेने विस्तार थांबवायला सांगितलं. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता.

वाटसरू

इथे मी सहमत नाही. औषध त्या वेळी निरुपयोगी ठरलं नव्हतं, पुढची साखळी तुटली होती. औषध दिल्यावर मूल रुग्णालयात पोचलं नाही, पोचलं तर इंजेक्शन नाही, इंजेक्शन मिळालं तर नंतरच्या तीन दिवसांच्या गोळ्या नाहीत. त्यासाठी हातातलं एकमेव औषध काढून घेणं मला चुकीचं वाटलं. पुढे संघटनेनेही बाकीची व्यवस्था सुधारण्याच्या अटीवर वापर चालू ठेवायचं मार्गदर्शन केलं.

आकडेमोड्या

तुटलेल्या साखळीत औषध टाकलं की आईला वाटतं इलाज झाला, आणि ती पुढे जातच नाही. ही भीती खरी आहे. पण तुम्ही तिथे होतात, मी नव्हतो. थांबतो.

सुहास

लसीबद्दल कुणीच बोललं नाही?

ओंजळ

पहिली लस आरटीएस,एस, २०२१ साली शिफारस झाली. त्याआधीपासून घाना, केनिया आणि मलावीत लाखो मुलांना देऊन पाहिली, त्यात अपघात-इजा सोडून बाकी सगळ्या कारणांनी होणारे बालमृत्यू १३ टक्क्यांनी घटले. दुसरी आर२१, २०२३ची. ऑक्सफर्डची लस, आणि बनते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. दोन्हींचे चार डोस, पाचव्या महिन्याच्या आसपास सुरुवात. गोवराच्या लसीसारखं भक्कम संरक्षण नाही, मच्छरदाणी आणि औषधं लागतातच. पण २०२३ साली मलेरियाने ५ लाख ९७ हजार माणसं गेली, बहुतेक आफ्रिकेत, आणि तिथे गेलेल्यांत चारांपैकी तीन पाच वर्षांखालची मुलं. तिथे सगळ्या बालमृत्यूंत १३ टक्के घट म्हणजे किती, ते आकडेमोड्यांना विचारा.

काळजीचीही गोष्ट आहे. रवांडा, युगांडा, इरिट्रियात आर्टेमिसिनिनला अंशतः दाद न देणारे परजीवी सापडलेत. ज्या औषधाने २९७चे २३० केले, ते टिकवायचं आहे.

आबा

एक विचारतो. घरी पाठवल्यावर पुढे काय? आमच्या धाकट्याला पुढच्या तीन महिन्यांत दोनदा परत ताप आला होता.

वाटसरू

आबा, हेच फार वर्षं सुटून गेलं होतं. रक्त अगदी कमी झालेली मुलं रक्त देऊन, बरी करून घरी पाठवायचो, आणि त्यातली कितीतरी पुढच्या सहा महिन्यांत परत यायची किंवा घरीच जायची. आम्हाला कळायचंही नाही. मग केनिया आणि युगांडात १०४९ मुलांवर अभ्यास झाला. घरी गेल्यावर तीन महिने, महिन्यातून एकदा मलेरियाचं औषध प्रतिबंध म्हणून दिलं. त्या काळात मृत्यू किंवा परत भरती होणं ७० टक्क्यांनी घटलं. २०२०चा निकाल, २०२२ साली शिफारसही आली.

मेंदूच्या मलेरियातून वाचलेल्यांचं दुखणं वेगळं. युगांडातल्या एका अभ्यासात दोन वर्षांनंतरही चारांतल्या एका मुलाला आकलनाच्या अडचणी होत्या. शाळेत मागे पडतं, आईला वाटतं आळशी आहे. वाचणं आणि पुरतं बरं होणं, यात केवढं अंतर.

निशिगंधा

धागा इतका भरेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. माझ्या प्रश्नाकडे परत येते.

सुरुवात केली तेव्हा माझ्या डोक्यात ती ११० मुलं होती. आता त्यांच्या जोडीला अभ्यासाआधीची, मोजलीच न गेलेली मुलंही आहेत. अभ्यास व्हायला हवा होता, इथवर मी आलेय. पण कावेरीने लिहिलेलं ते 'नाही म्हणेल कशी' अजून टोचतंय. वाटसरू, तुमच्याकडे अशी कुणी आई आली होती का, जिने खरंच नाही म्हटलं?

वाटसरू

आली होती. आमच्याकडे एक अभ्यास चालू होता, मेंदूच्या मलेरियाच्या मुलांचा. दीडेक वर्षाची मुलगी, दोन गुण. नर्सने सगळं समजावून सांगितलं, त्या बाईने ऐकलं आणि म्हणाली, "नको. औषध द्या, रक्त काढून नेऊ नका." नर्सने कागद मिटून ठेवला. आम्ही आर्टेसुनेट दिलं, साखर तपासत राहिलो, जे बाकीच्यांना मिळत होतं ते सगळं तिला मिळालं. आत्ता लिहितानाही वाटतं, तिचा तो नकार नीट ऐकला गेला, म्हणून बाकीच्यांच्या होकारावर मी विश्वास ठेवू शकलो.

तपासणीसाठी ती आमची वाट बघायची नाही. आम्ही सकाळी फेरीला यायच्या आत खाटेसमोर उभी राहायची, आणि हळूच डावीकडे सरकायची. परत मध्ये यायची, उजवीकडे सरकायची. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी मी दारातून आत येतोय तोच तिने हात वर करून मला थांबवलं. आवाज करू नका, अशी खूण केली. आणि एक पाऊल डावीकडे टाकलं.

मोहर

आणि?

वाटसरू

गेले डोळे मागे.